जांभ्याच्या मांगरात हवेवर वाढलेली मुळं: उच्चदाब एरोपोनिक्सचं एक प्रकरण

हे प्रकरण देवगड आणि राजापूर तालुक्यांच्या सीमेवरच्या एका गावातलं आहे. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून नावं काढून टाकली आहेत. ज्याने हा प्रकल्प उभा केला त्याला इथे धाकटा म्हणतो आणि त्याच्या चुलत्यांना अण्णा. मी शेतीखात्यात कृषी सहायक होतो, आता निवृत्त आहे. धाकटा मला काका म्हणतो आणि काही अडलं की फोन करतो. पहिल्या वर्षी मात्र त्याने फोन केला तो सगळं बिघडल्यावर.

पार्श्वभूमी

धाकटा मुंबईत बारा वर्षं आरओ दुरुस्तीचं काम करत होता. २०२० च्या टाळेबंदीत गावी आला तो परत गेलाच नाही. बूस्टर पंप, विजेवर उघडबंद होणारा सोलेनॉइड वॉल्व, पुश-फिट जोड, पाव इंची पाइप या गोष्टी त्याच्या हातातल्या. त्यामुळे मोबाइलवर उच्चदाब एरोपोनिक्सचे व्हिडिओ पाहिल्यावर त्याला ते परकं वाटलं नाही. तो म्हणाला, "काका, ह्यातलं सगळं सामान माझ्या ब्यागेत असायचं."

ही पद्धत थोडक्यात सांगतो. मुळं मातीत नसतात, पाण्यातही नसतात. बंद, अंधाऱ्या कप्प्यात ती हवेत लोंबतात आणि दर काही मिनिटांनी त्यांच्यावर खतपाण्याचं धुकं सोडलं जातं. साध्या एरोपोनिक्समध्ये कमी दाबाचा पंप आणि जाडसर शिंतोडे असतात. उच्चदाबात दाब ८० ते १०० पीएसआयच्या वर ठेवतात, म्हणजे थेंब साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास फुटतो. एवढ्या बारीक थेंबाने मुळांवर पाण्याचा जाड थर बसत नाही, हवा लागत राहते आणि कापसासारखी बारीक केसमुळं फुटतात. 'एरोपोनिक्स' हा शब्द फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५७ मध्ये वापरला, आणि १९९० च्या दशकात नासाने अंतराळातल्या शेतीसाठी या पद्धतीत लक्ष घातलं. पण घरगुती पातळीवरची बारीक कारागिरी, म्हणजे कुठला नोझल, किती सेकंद फवारा, किती मिनिटं विश्रांती, ही बरीचशी उत्तर अमेरिकेतल्या गांजा पिकवणाऱ्यांनी घडवली. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये औषधी वापराला मुभा दिली, कॅनडाने २०१८ मध्ये सगळा व्यवहार कायदेशीर केला. पीक महाग, खोली बंद, गारवा विकतचा; एवढा खर्च परवडणारं दुसरं झाड नव्हतं.

धाकट्याने पाहिलेले जवळजवळ सगळे व्हिडिओ त्यांचेच होते. झाड वेगळं लावायचं असलं तरी आकडे तेच चालतील असं त्याने धरलं. या प्रकरणातली पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक हीच.

उभारणी

घरामागे चिऱ्याचा जुना मांगर, म्हणजे सामानसुमान ठेवायची वेगळी खोली, होता, वीस बाय पंधरा फुटांचा. फेब्रुवारी २०२१ पर्यंत त्यात तीन कप्पे, २४ नोझल, २४ लिटरची दाबटाकी, १०० जीपीडीचा (दिवसाला १०० गॅलन) बूस्टर पंप, टायमर आणि एलईडी दिवे बसले. एकूण खर्च एक लाख ऐंशी हजारांच्या घरात, त्यातले लाखभर पतसंस्थेचे. बेत होता लेट्यूस आणि इटालियन तुळस, गिऱ्हाईक म्हणजे किनाऱ्यावरची रिसॉर्ट्स.

काम सुबक होतं. जोड एकही गळत नव्हता. वॉल्व त्याने नोझलांच्या अगदी जवळ बसवला होता, तेही बरोबर. वॉल्व लांब असला की तो बंद झाल्यावरही मधल्या पाइपातला दाब हळूहळू ओघळतो, मुळांवर धुक्याऐवजी टपटप पडते आणि उच्चदाबावर केलेला खर्च फुकट जातो.

अडचण

बिघाड एका दिवसात झाला नाही. तो तीन बाजूंनी आला, आणि पहिल्या दोन बाजू धाकट्याच्या लक्षात यायला वेळ लागला.

पहिली बाजू खताची आणि उजेडाची. गांजा फुलोऱ्यात असताना तिकडचे लोक द्रावणाचा ईसी, म्हणजे पाण्यात खत किती विरघळलंय ते दाखवणारा आकडा, दोनच्या आसपास ठेवतात. लेट्यूसला एक-सव्वा पुरतो. धाकट्याने तक्ता जसाच्या तसा उचलला, आणि तिसऱ्या आठवड्यात पानांच्या कडा करपल्या. उजेडही अठरा तास, कारण गांजाच्या वाढीच्या काळात तसा देतात. लेट्यूसला मोठा दिवस आणि उष्मा एकत्र मिळाला की ती गड्डा धरायचं सोडून दांडा वर काढते आणि पान कडू होतं. एप्रिलच्या मध्यावर कप्प्यांतून हातभर दांडे वर आले होते.

दुसरी बाजू तापमानाची, आणि ही कोकणातल्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे. व्हिडिओत मुळांसाठी १८ ते २२ अंश सांगतात. मांगरात एप्रिलला द्रावण ३० अंशांवर होतं. कोमट ओलाव्यात पिथियमसारखे बुरशीवजा रोगजंतू फोफावतात. मुळं तपकिरी, बुळबुळीत, कुजट वासाची झाली. धाकट्याने शहाणपणा करून द्रावणाचं पिंप जांभ्यात चार फूट खड्डा खणून पुरलं. पाणी २७ वर येऊन थांबलं. त्याच्या खाली ते जाणारच नव्हतं, कारण आपल्याकडे त्या खोलीवर जमीन वर्षाच्या सरासरी तापमानाच्या आसपासच राहते, आणि आपली सरासरीच तेवढी. मग त्याने बर्फाच्या बाटल्या टाकल्या. पिंप गार झालं, मुळं नाहीत. एका फवाऱ्यात चोवीस नोझल मिळून जेमतेम १०० मिलिलिटर पाणी बाहेर पडतं. एवढं पाणी कप्प्यातल्या ३१ अंशांच्या हवेत धुकं होऊन पसरलं की क्षणात हवेचंच तापमान घेतं. उच्चदाबात गार करायचा असतो तो कप्पा, पिंप नव्हे. आणि कप्पा गार करायचा तर भिंतींना थर्माकोल, आत एसी आणि महिन्याचं वीजबिल.

तिसरी बाजू तौक्ते चक्रीवादळाची. १६ मे २०२१, रविवार. सकाळीच वीज गेली. लेट्यूस तोवर हातची गेली होती, पण तुळस चांगली होती. दाबटाकीत तेव्हा १०० पीएसआय दाब भरलेला होता, म्हणजे झाडांचं काही तासांचं पाणी तयार होतं. पण टायमर आणि वॉल्व दोन्ही घरच्या विजेवर. वॉल्व वीज नसताना बंद राहणारा. दाब आत अडकून राहिला आणि मुळं बाहेर सुकली. हवेत लोंबणाऱ्या मुळाला आधाराला ना माती ना पाणी. उकाड्याच्या दिवसांत तास-दोन तासांत ती कोमेजू लागतात. धाकटा आणि त्याची आई भर वाऱ्यात पाठीवरचा फवारणी पंप घेऊन दर वीस मिनिटांनी झाकणं उघडत राहिली. रात्री दोनला त्यांनी हात टेकले. वीज पाचव्या दिवशी आली.

त्यातून कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांमुळे रिसॉर्ट्स एप्रिलपासूनच बंद होती. तुळस जगली असती तरी विकत घ्यायला कुणी नव्हतं.

समोर असलेले पर्याय

जूनच्या शेवटी धाकट्याने मला बोलावलं. मांगरात गेलो तेव्हा बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या आणि आत सामान पुसून ओळीने मांडून ठेवलेलं होतं. विकायला काढल्यासारखं. त्याच्यापुढे चार वाटा होत्या.

सामान मोडीत काढून मुंबईला परत जायचं, ही एक. एसी आणि जनरेटर घालून लेट्यूसच करायची, ही दुसरी. त्यासाठी आणखी दीड लाख लागत होते आणि गिऱ्हाइकाची खात्री नव्हती. तिसरी वाट मी सुचवली, ती पुढे येईलच. चौथी त्याने बऱ्याच वेळाने, आई आत गेल्यावर सांगितली. मुंबईतला एक ओळखीचा मागे लागला होता. यंत्र ज्या झाडासाठी बनलंय तेच लाव, रोपं मी देतो, माल मी उचलतो. "औषधी आहे, आता सगळीकडे कायदेशीर होतंय."

मी त्याच्यावर ओरडलो नाही. कर्जाखाली दबलेला माणूस असं काही मनात आणतो यात मला नवल वाटत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला एका वकिलांकडे जाऊन बसलो. तिथे जे कळलं ते नीट लिहितो, कारण याबद्दल अर्धवट ऐकीव माहिती फार फिरते.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा कायदा, १९८५ चा. त्याच्या कलम ८ नुसार गांजाचं कुठलंही झाड परवान्याशिवाय लावणं हाच गुन्हा आहे. माल विकला की नाही हा प्रश्न नंतरचा. कलम २० खाली लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. "पण भांग तर चालते ना?" असं धाकट्याने विचारलं, सगळेच विचारतात. व्याख्येत बी आणि पानं, फुलोऱ्याचे शेंडे सोबत नसतील तेव्हा, गांजातून वगळली आहेत हे खरं. ती सूट पानाला आहे, झाड लावायला नाही. तागासारख्या धाग्यासाठी किंवा बियांसाठी लागवडीची तरतूद कलम १४ मध्ये आहे आणि उत्तराखंडाने २०१८ पासून तसे परवाने द्यायला सुरुवात केली, पण आपल्याकडच्या साध्या शेतकऱ्याने अर्ज करून परवाना आणावा अशी वाट तेव्हा नव्हती. कॅनडातला कायदा कॅनडात.

धाकट्याचं मन ज्याने फिरवलं ते मात्र वेगळंच होतं. वकिलांनी सातबारा मागितला. कोकणातला सातबारा तो. मांगराच्या जागेवर अण्णा, दोन चुलत भाऊ आणि लग्न होऊन गेलेली आत्या अशी सगळ्यांची सामायिक नावं. वकील म्हणाले, आपल्या जमिनीत असं झाड असल्याची खबर देणं हे कलम ४६ प्रमाणे जमीनधारकाचं कर्तव्य आहे, आणि जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्याला कलम २५ लागतं. म्हणजे धाकट्याच्या मांगरात सापडलेल्या रोपाची चौकशी ७४ वर्षांच्या अण्णांच्या पडवीत येऊन बसणार. परतीच्या एसटीत तो अवाक्षर बोलला नाही. घरी उतरल्यावर त्याने त्या माणसाला फोन करून नाही म्हणून कळवलं, माझ्यासमोर.

तिसरी वाट: थंडी विकत घेण्यापेक्षा उष्णता सोसणारं झाड

माझं म्हणणं साधं होतं. ३० अंश आणि दमट हवा हा दोष मानून आपण त्याच्याशी भांडत होतो. ज्याला हेच हवं असतं असं झाड आपल्या प्रत्येक पोफळीवर चढलेलं आहे: काळी मिरी. सह्याद्रीच्या उतारावरचाच वेल तो. पन्नियूर-१ ही १९७१ मध्ये केरळात प्रसारित झालेली जात आता कोकणात कुणालाही नवी नाही. पाऊस लागला की तिच्या रोपांना मागणी असते, आणि वेलाच्या कांड्यांना, म्हणजे तोडलेल्या तुकड्यांना, मुळं फुटवून रोपं करणं हे एरोपोनिक्सला जमण्यासारखं काम आहे. पीक शेवटपर्यंत न्यायचं नाही, फक्त मुळं फुटेपर्यंत सांभाळायचं. खत नावापुरतं, ईसी अर्ध्याच्या खाली. अठरा तास दिवे नकोत, खिडकीचा उजेड आणि ढगाळ दिवशी थोडी भर पुरते.

अण्णांचा विरोध होता. ते दरवर्षी जमिनीवरून धावणारे वेल फेब्रुवारीत तोडून पिशव्यांत लावतात आणि त्यांची रोपं जगतात. "माती हाय, पावस हाय, तुझा मशीन कशाला?" प्रश्न रास्त होता. आम्ही ठरवलं की एकाच वेलीच्या कांड्या दोन्हीकडे लावायच्या आणि मोजायचं.

काय केलं

पावसाळ्यानंतर यंत्रात चार बदल केले.

वीज सगळ्यात आधी. टायमर आणि वॉल्व १२ व्होल्टचे घेतले आणि गाडीच्या बॅटरीवर ठेवले. घरची वीज फक्त बॅटरी भरायला आणि पंपाला. मग टाकीचा हिशेब नीट मांडला. २४ लिटरच्या दाबटाकीत २४ लिटर पाणी वापराला मिळत नाही, कारण आत हवेची गादी असते. दाब १०० वरून ८० वर येईपर्यंत हाताला लागतात जेमतेम ४ लिटर. दर पाच मिनिटांनी तीन सेकंद फवारा धरला तर तासाला सव्वा लिटर, म्हणजे वीज गेल्यावर तीन तास. कांड्यांना पंधरा मिनिटांनी एकदा पुरतं असं पुढे दिसलं, आणि तीन तासांचे नऊ झाले. दुसरी टाकी घेताना ती १० बार (सुमारे १४५ पीएसआय) दाबाचीच बघून घेतली. आरओबरोबर येणाऱ्या लहान टाक्या कमाल १०० पीएसआयच्या असतात आणि धाकटा पहिल्या वर्षी शेजारी जोडलेली तशी एक टाकी काठावर चालवत होता, हे पाहून माझ्या पोटात गोळा आला.

दुसरा बदल पाण्याचा. आरओवाल्याने आरओ बसवणं साहजिक होतं, पण विहिरीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ६५ निघाला. जांभ्यातलं पाणी मुळातच मऊ. आरओचं मेंब्रेन काढून टाकलं. खरा शत्रू जूनमधली तांबडी माती. बारीक गाळ नोझलाच्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकात बसतो. वाळूची गाळणी आणि त्यापुढे ५ मायक्रॉनचं कार्ट्रिज लावलं, पावसात ते दर आठवड्याला बदलायचं.

तिसरा निर्णय वाहून गेलेलं पाणी परत न फिरवण्याचा. मिरीचा मोठा वैरी फायटोफ्थोरा, वेल कुजवणारा रोगजंतू. एका रोगट कांडीवरचं पाणी पिंपात गेलं की पुढच्या फवाऱ्यात ते सगळ्या कांड्यांवर जातं. पाण्याचा खर्च दिवसाला दहा लिटर. तेवढं नळीने पोफळींना सोडलं.

चौथं, वेल निवडायला अण्णांना बसवलं. यंत्र धाकट्याचं, वेल अण्णांचे. घरातलं अबोल वातावरण त्याने जरा सैल झालं.

परिणाम

फेब्रुवारी २०२२ मध्ये पहिल्या खेपेला १८० कांड्या लावल्या. चौथ्या आठवड्यात दीडशेच्या वर कांड्यांना पांढरी, वीतभर मुळं लोंबत होती. धाकट्याने फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. मग ती पिशव्यांत लावली आणि पंधरवड्यात साठ उरली.

कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. हवेतलं मूळ नाजूक असतं, त्याने कधी मातीचा दाब सोसलेला नसतो. वीतभर मुळं पिशवीत कोंबताना मोडतात आणि मोडलेल्या जागी कुज शिरते. शिवाय कप्प्याबाहेर मार्चचं ऊन. दुसऱ्या खेपेला मूळ बोटाच्या पेराएवढं झालं की कांडी उचलली, खत-मातीत सैल बसवली आणि शेडनेटखाली प्लास्टिकच्या बुटक्या बोगद्यात दोन आठवडे ठेवून मग हळूहळू हवा दाखवली. लावलेल्या २०० पैकी १७१ रोपं जगली.

अण्णांच्या पिशव्यांत ३०० पैकी २१० जगली. आकडे समोर ठेवले तेव्हा मांगरात थोडा वेळ कुणी बोललं नाही. फरक आहे, पण लाख-दोन लाखांचं यंत्र घ्यावं एवढा नाही, हे मी तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगतो. यंत्राचा खरा फायदा दुसरीकडे आहे. एकच कप्पा फेब्रुवारी ते मे चार वेळा भरता येतो, कारण कांडी तिथे तीन आठवडेच राहते. आणि मूळ डोळ्यांना दिसतं, त्यामुळे कमजोर कांडी पिशवीत जाण्याआधीच बाजूला निघते. ज्याच्याकडे यंत्र आधीच आहे त्याला हे परवडतं. नव्याने घ्यायचं असेल तर मी नको म्हणेन.

त्या जूनला सगळ्या खेपा मिळून साडेचारशेच्या आसपास रोपं आजूबाजूच्या वाड्यांत गेली. पतसंस्थेचे थकलेले हप्ते त्यातून सुटले.

वेगळं काय करता आलं असतं

झाड आधी ठरवायला हवं होतं, यंत्र नंतर. धाकट्याला यंत्र बांधता येत होतं म्हणून त्याने यंत्रापासून सुरुवात केली, आणि मग यंत्रासाठी झाड शोधत राहिला. गांजाचा तो प्रस्तावही याच फटीतून आत आला: यंत्र तयार, झाड नाही, कर्ज चालू.

एक कप्पा आधी करून एक मे महिना जाऊ द्यायला हवा होता. तीन कप्पे एकदम उभारल्यामुळे चूकही तिप्पट झाली.

माझीही एक चूक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये मी त्याच्या घरावरून दोनदा गेलो होतो, मांगरातले जांभळे दिवे पाहिले होते, आणि मुलगा काही तरी नवीन करतोय म्हणून कौतुकाने पुढे गेलो. आत डोकावून पिंपातलं पाणी हाताला लावून पाहिलं असतं तरी पुरे होतं.

कर्जाचे अकरा हप्ते बाकी आहेत. दोन कप्प्यांत मिरी चालते, तिसरा रिकामा आहे. त्यात काय लावायचं हे धाकट्याने ठरवलेलं नाही. सध्या त्या रिकाम्या कप्प्यात एक तापमापक टांगलेला आहे आणि अण्णा रोज दुपारी तीनला त्यावरचा आकडा कॅलेंडरवर लिहितात.